कापडापासून कपापर्यंत

इतिहास शिकविण्यात जिची पंचवीस-तीस वर्षे गेली आहेत, तिला एक खोड जडते. कोणतीही गोष्ट कानावर आली की, तिचा कागद कोठे आहे, असे ती प्रथम विचारते. जुन्या दफ्तरांतून धान्याचे, दारूगोळ्याचे, लुगड्यांच्या व खणांच्या खरेदीचे हिशेब सापडतात. कोणत्या सणास किती तूप लागले हेही कळते. परंतु त्याच घरांतील प्रत्येक स्त्रीस तेराव्या-चौदाव्या वर्षापासून पंचेचाळीस-पन्नासाव्या वर्षापर्यंत दर महिन्यास जे कापड लागत असे, त्याची नोंद माझ्या तरी पाहण्यात आलेली नाही. याचे कारण उघड आहे. ते कापड कोणी विकत आणीत नसे, म्हणून ते हिशेबात आले नाही. आणि त्याविषयी कोणी बोलत नसे, म्हणून ते बखरीतही आले नाही.

यास्तव प्रस्तुत लेखासाठी मला जे साधन वापरावे लागले, ते दफ्तरखान्यातले नाही. ते कवठे येमाई येथील आमच्या घरातले, आणि काही अंशी माझ्या स्वतःच्या देहाच्या अनुभवातले आहे. हा विषय चारचौघांत काढण्याचा नव्हे, असे काही वाचकांस वाटेल. त्यांची क्षमा मागून मी एवढेच म्हणते की, ज्या घरात हा विषय काढला जात नाही, त्याच घरातील मुलींना त्या मौनाची किंमत द्यावी लागते. हे मला माझ्याच घरात, आणि तेही फार उशिरा समजले.

कवठे येमाई हे पुणे जिल्ह्याच्या शिरूर तालुक्यातील, घोड नदीच्या खोऱ्यातले गाव. गावच्या येमाई देवीचे नाव गावाच्या नावासच जोडलेले आहे. डिंभे धरण झाल्यापासून घोडच्या खोऱ्यात पाणी खेळू लागले, आणि आज या भागात जिकडे तिकडे ऊस दिसतो. माझ्या लहानपणी मात्र बाजरी, मटकी आणि विहिरीच्या तळाशी गेलेले पाणी, असा सगळा संसार होता. आमचे घर शेतकऱ्याचे. आजी, आई आणि दोन काकू अशा चार बायका घरात होत्या. ब्राह्मणाच्या घरी बाई तीन दिवस बाहेर बसत असे. आमच्याकडे ते परवडण्यासारखे नव्हते. ऐन खुरपणीत एक बाई बाहेर बसली तर भाकरी कोणी थापावी, आणि पात कोणी धरावी? म्हणून आमच्या घरी विटाळाची हद्द देवघर, लोणच्याची बरणी आणि येमाईच्या देवळाची पायरी एवढ्यापुरती होती. शेतात त्यास प्रवेश नव्हता. तेथे सर्व बायका शुद्ध.

शब्द मात्र दोन्हीकडे सारखेच. ‘कावळा शिवला’, ‘अडचण आहे’, ‘बाहेरची आहे’, ‘दूर आहे’. एका गोष्टीस इतकी नावे असावीत, आणि त्यांतील एकाही नावात ती गोष्ट नसावी, असे दुसरे उदाहरण आपल्या भाषेत मला आठवत नाही.

आता कापडाविषयी. नऊवारी लुगडे विरले म्हणजे त्याचे जुनेर होई. जुनेराची वाटणीही ठरलेली असे. धडका भाग वाकळेस, मऊ भाग बाळाच्या दुपट्यास, आणि जे उरेल त्याच्या घड्या. कापड सुती, शेकडो वेळा धुवून मऊ झालेले, ओल चटकन टिपून घेणारे. वस्तू म्हणून त्यात वाईट असे काहीच नव्हते. आजकाल जुन्या कापडास नावे ठेवण्याची पद्धत पडली आहे. ज्यांनी ते वापरले नाही, तेच ती अधिक ठेवतात. वाईट होते ते त्याचे वाळवणे. ती फडकी न्हाणीच्या मागे, दोरीवरच्या दुसऱ्या लुगड्याच्या आड, किंवा गोठ्यातल्या वळचणीला वाळत घालावी लागत. आमच्या अंगणात वर्षाचे आठ-नऊ महिने लखलखीत ऊन असे. त्या ऊन्हात मिरच्या वाळत, सांडगे वाळत, शेण्या वाळत. फक्त हे कापड त्यास पारखे होते. पावसाळ्यात तर ते अर्धवट ओलेच पुन्हा घ्यावे लागे. शाळेस तीन किलोमीटर चालत जाताना त्याच्या कडांनी मांड्या सोलून निघत, आणि घरी आल्यावर खोबरेल लावून गप्प बसावे, एवढाच उपचार असे.

पाणी नसले म्हणजे काय होई, हे मला आईने सांगितले. १९७२ च्या दुष्काळात मी वर्षा-दीड वर्षाची होते आणि आई दुष्काळी कामावर खडी फोडावयास जात असे. पुष्कळ वर्षांनी मी तिला त्या दिवसांविषयी विचारले, तेव्हा धान्याची, गुरांची, टँकरची हकिकत सांगून झाल्यावर ती हलक्या आवाजात म्हणाली, “प्यायला पाणी नव्हतं गं, फडकं कुठनं धुवायचं? मातीत चोळायचं, झटकायचं, आन् परत घ्यायचं.” त्या दुष्काळावर मी वर्गात कितीतरी व्याख्याने दिली आहेत. पावसाचे आकडे, कामावरील मजुरांचे आकडे, सारे मला पाठ होते. हे वाक्य मात्र कोणत्याही अहवालात मला मिळाले नसते.

त्या कापडास ऊन का मिळाले नाही, याचे उत्तर फार जुने आहे. तैत्तिरीय संहितेत अशी कथा येते की, इंद्राने विश्वरूपाचा वध केला, आणि त्या ब्रह्महत्येचे पाप भूमी, वृक्ष आणि स्त्रिया यांनी तिघांत वाटून घेतले. स्त्रियांच्या वाट्यास आलेला तिसरा हिस्सा म्हणजे त्यांचा मासिक स्राव. अपराध इंद्राचा आणि विटाळ स्त्रीचा, असा हा निवाडा! त्या कथेस लागूनच रजस्वलेने काय करू नये याची यादी येते, आणि पुढील धर्मशास्त्रकारांनी ती वाढवीत नेली. भाद्रपद शुद्ध पंचमीस ऋषिपंचमीचे व्रत करून, बैलाच्या कष्टाचे काहीही न खाता, आपल्या बायका ज्या दोषाचे क्षालन करीत आल्या तो दोषही हाच. माझी आजी हे व्रत मोठ्या निष्ठेने करी. मी तिला एकदा विचारले, “आजी, यात बैलाचा काय संबंध?” ती म्हणाली, “त्याला एक दिस सुटी. आपल्याला न्हाई, त्याला तरी.”

परंतु हा निवाडा महाराष्ट्राने मुकाट्याने मानला, असे म्हणणे अन्यायाचे होईल. तेराव्या शतकात चक्रधरस्वामींनी, हा देहाच्या इतर मळांसारखाच एक मळ आहे, त्याचा विटाळ तो कसला, अशी समजूत आपल्या अनुयायांस दिल्याचे महानुभाव परंपरा सांगते. चौदाव्या शतकात चोखामेळ्याची पत्नी सोयराबाई हिने आपल्या अभंगात देहाच्या विटाळाची कल्पनाच तपासून पाहिली, आणि तिचा जाब देवासमोर मांडला. जिला जन्माचा विटाळ चिकटविला होता आणि महिन्याचाही, त्या स्त्रीने हे करावे, याचे मोल मोठे आहे. दुर्दैव एवढेच की, अभंग देवळात गायिला गेला आणि कापड वळचणीलाच राहिले.

यानंतर सुमारे पाच शतकांनी मुलींच्या ऋतूविषयी जाहीर चर्चा झाली, ती आपल्या पुण्यातच. १८९१ साली संमतिवयाचा कायदा होऊन ते वय दहावरून बारावर नेण्यात आले. ऋतुप्राप्तीनंतर लागलीच गर्भाधान झाले पाहिजे, त्यात सरकारने हात घालू नये, असे एका पक्षाचे म्हणणे; मुलींचे जीव वाचले पाहिजेत, असे दुसऱ्याचे. मुलीस न्हाण कितव्या वर्षी येते, याचा खल मोठमोठ्या विद्वानांनी वर्तमानपत्रांतून आणि सभांतून केला. मुलींच्या पाळीविषयी इतके पुरुष इतक्या मोठ्या आवाजात त्यापूर्वी कधी बोलले नसतील. पण त्या बारा वर्षांच्या मुलीस त्या चार दिवसांत काय हवे असते, तिला आडोसा आहे काय, कोरडे कापड आहे काय, हा प्रश्न कोणत्याही पक्षाने काढलेला मला आढळला नाही. तिचा ऋतू हा वादाचा मुद्दा होता. तिची सोय हा नव्हता.

याच सुमारास समुद्रापलीकडे या सोयीचा व्यापार सुरू होऊ लागला होता. आपल्या हकिकतीत पुढे जी साधने येतात त्यांचा उगम तिकडचा असल्यामुळे थोडे तिकडे पाहणे प्राप्त आहे. अमेरिकेत १८९० च्या दशकात कापसाचे तयार पॅड विक्रीस आले, पण ते दुकानात मागावयास बायकांस संकोच वाटे, म्हणून ते फारसे खपले नाहीत. पुढे पहिल्या महायुद्धात जखमा बांधण्यासाठी लाकडाच्या लगद्यापासून केलेला एक कापसासारखा पदार्थ वापरात आला. तो रक्त उत्तम शोषून घेतो हे पाहून इस्पितळांतील परिचारिकांनी त्याचा उपयोग आपल्या पाळीसाठी करून पाहिला. युद्ध संपले, माल शिल्लक राहिला, आणि १९२० च्या सुमारास त्यातूनच ‘कोटेक्स’ बाजारात आले. संकोचावर उपाय म्हणून काही दुकानदार गल्ल्याशेजारी एक पेटी ठेवीत; बाईने त्यात पैसे टाकावे आणि पुडा उचलून न बोलता चालते व्हावे. १९३३ साली अर्ल हास या डॉक्टरास आत बसविण्याच्या कापसाच्या बोळ्याचे, म्हणजे टॅम्पॉनचे, पेटंट मिळाले. आणि १९३७ साली लिओना चामर्स या अमेरिकन नटीने रबराच्या एका लहानशा पेल्याचे पेटंट घेतले. तो आत बसवावयाचा, भरला की रिकामा करून धुवावयाचा, आणि पुन्हा वापरावयाचा. हाच आजचा कप होय. ज्यास आपल्या मुली नवलाची नवी वस्तू समजतात, तिचे वय अशा रीतीने नव्वदीस येऊन ठेपले आहे.

मग मधल्या काळात हा कप होता कोठे? त्यास दोन शत्रू भेटले. पहिला युद्धाचा. दुसऱ्या महायुद्धात मलायातील रबराचे मळे जपानच्या हाती गेले, रबर दुर्मिळ झाले आणि कपाचे उत्पादन थांबले. दुसरा शत्रू संकोचाचा, आणि तो अधिक बलवान ठरला. युद्धानंतर चामर्सबाईंनी कप पुन्हा बाजारात आणविला. परंतु आपल्या शरीरात स्वतः बोट घालून ठेवण्याची, आणि जमा झालेले रक्त स्वतः पाहण्याची वस्तू बायकांनी स्वीकारली नाही. एकदा वापरून फेकून देण्याच्या वस्तूत व्यापाऱ्यास दरमहा नफा होता, वर्षानुवर्षे टिकणाऱ्या वस्तूत तो नव्हता, हेही विसरता येत नाही. १९८७ साली अमेरिकेतच पुन्हा एक रबरी कप निघून तो टिकला, आणि एकविसाव्या शतकात वैद्यकीय सिलिकोनचे कप आल्यावर त्याचा प्रसार खरा सुरू झाला.

आपल्याकडे त्या काळी तो आला असता तर काय झाले असते, याची कल्पना करणे कठीण नाही. रघुनाथ धोंडो कर्वे यांनी १९२१ साली मुंबईत संततिनियमनाचे केंद्र काढले आणि १९२७ साली ‘समाजस्वास्थ्य’ मासिक सुरू केले. स्त्रियांनी आपल्या देहाची माहिती करून घ्यावी, संततिनियमनाची साधने वापरावीत, असे ते उघड लिहीत; आणि त्या लेखनाबद्दल त्यांना अश्लीलतेचे खटले सोसावे लागले. १९३४ च्या खटल्यात त्यांचे वकीलपत्र डॉ. आंबेडकरांनी घेतले होते. ज्या समाजात एवढे लिहिणाऱ्या माणसास आरोपीच्या पिंजऱ्यात उभे राहावे लागले, तेथे चामर्सबाईंच्या कपास गिऱ्हाईक मिळाले नसते, हे सांगावयास ज्योतिषी नको.

माझ्या आयुष्यात पॅड आले ते १९८८ साली, मी पुण्यास महाविद्यालयाच्या वसतिगृहात राहावयास आले तेव्हा. औषधाच्या दुकानात ते वर्तमानपत्रात गुंडाळून, वरून काळ्या पिशवीत घालून मिळे. अमेरिकेतल्या त्या पेटीचीच ही भारतीय आवृत्ती होती, हे मला तेव्हा ठाऊक नव्हते. पॅडचे उपकार मी नाकारणार नाही. त्याने मला कोरडेपणा दिला, धुण्याच्या जाचातून सोडविले, परीक्षेच्या दिवशी तीन तास निर्धास्त बसविले. मात्र पैसे इतके लागत की, मी पॅड परीक्षेसाठी व प्रवासासाठी राखून ठेवी आणि एरवी कापडच वापरी. उन्हाळ्यात त्याच्या प्लॅस्टिकने अंगास पुरळ येई. आणि वापरून झाल्यावर ते टाकावे कोठे, हा प्रश्न शेवटपर्यंत सुटला नाही.

हा शेवटचा प्रश्न माझ्यापुरता नव्हता. पुण्यात घरोघरचा कचरा उचलणाऱ्या बायकांची ‘स्वच्छ’ ही सहकारी संस्था २००८ पासून काम करीत आहे. आपण काळ्या पिशवीत लपवून टाकलेले पॅड या बायकांस उघड्या हातांनी वेगळे काढावे लागत. २०१३ साली त्यांनी वापरलेल्या पॅडच्या पिशव्या भरून त्या बनविणाऱ्या कंपन्यांकडे परत पाठविल्या, आणि पुढे गृहिणींनी पॅड कागदात गुंडाळून त्यावर लाल ठिपका द्यावा, अशी विनंती केली. २०१६ च्या घनकचरा नियमांत उत्पादकांनी वेष्टन पुरविण्याचे कलम आले. ही हकिकत वाचली तेव्हा मला माझीच लाज वाटली. विटाळ आमच्या घरातून गेला असे आम्ही समजत होतो. तो फक्त दुसऱ्या एका बाईच्या हातात गेला होता.

पॅडचा प्रसार मात्र झपाट्याने झाला. २०१८ साली ८ मार्चला महाराष्ट्र सरकारने ‘अस्मिता’ योजना सुरू केली, आणि जिल्हा परिषदेच्या शाळांतील मुलींस आठ पॅडचा पुडा पाच रुपयांत मिळू लागला. त्याच वर्षी जुलैत पॅडवरील बारा टक्के वस्तू व सेवा कर रद्द झाला. पंधरा ते चोवीस वर्षे वयाच्या मुलींत आरोग्यास योग्य साधन वापरणाऱ्यांचे प्रमाण २०१५-१६ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत शेकडा ५८ च्या आसपास होते, ते २०१९-२१ च्या पाहणीत ७७-७८ झाले. परंतु त्याच पाहणीत निम्म्या मुली कापडही वापरीत होत्या, आणि कप वापरणाऱ्या शेकडा एकही नव्हत्या. म्हणजे जुनेर अद्याप गेलेले नाही. मी वसतिगृहात करीत असे तेच आजच्या कित्येक मुली करतात: पॅड बाहेर, कापड घरी.

मी स्वतः कप घेतला तो २०१७ साली, वयाच्या सेहेचाळिसाव्या वर्षी. एका विद्यार्थिनीने त्याविषयी सांगितले. गुरूने शिष्येकडून शिकावे असे प्रसंग येतातच. पहिले दोन महिने फजितीचे गेले. तो दुमडून आत घालावा तर उघडेना. उघडला तर काढताना आत अडकला असे वाटून घाम फुटे. चार मुलांच्या बाळंतपणांच्या कथा ज्या घरात मी ऐकल्या, त्या घरातील मी. पण आपल्या देहाचा हा भाग कोणत्या दिशेस वळलेला आहे, हे मला सेहेचाळिसाव्या वर्षी प्रथम कळले. तिसऱ्या महिन्यात मात्र तो जमला. सकाळी ठेवावा, चार व्याख्याने द्यावीत, संध्याकाळी घरी येऊन रिकामा करावा. ओल नाही, वास नाही, कचरा नाही. महिन्याच्या शेवटी पाण्यात उकळून पिशवीत ठेवला की पुढच्या महिन्यापर्यंत त्याची आठवणही नको. किंमत काहीशे रुपये, आणि नीट वापरल्यास तो आठ-दहा वर्षे टिकतो. महिन्यास आठ पॅड धरले तर दहा वर्षांत ९६० पॅड होतात. त्यांचे काम ही मुठीत मावणारी वस्तू करते.

दोषही सांगितले पाहिजेत. सार्वजनिक शौचालयात जेथे नळ बाहेर असतो, तेथे तो धुता येत नाही. ज्या स्त्रीने गर्भाशयात तांबी बसविली आहे, तिने डॉक्टरांस विचारल्यावाचून तो वापरू नये, कारण काढताना तांबी सरकल्याचे प्रसंग नोंदलेले आहेत. आणि कौमार्याच्या खुळ्या कल्पनांमुळे पुष्कळ आया मुलीस तो देण्यास भितात. २०१९ साली ‘लॅन्सेट’च्या एका वैद्यकीय नियतकालिकात ४३ अभ्यास आणि सुमारे ३,३०० स्त्रिया व मुली यांचा आढावा प्रसिद्ध झाला. त्यात कपाची गळती इतर साधनांइतकीच किंवा त्यांहून कमी आढळली, आणि ज्यांना नीट शिकविले गेले त्यांतील सुमारे शेकडा सत्तर स्त्रिया तोच पुढे वापरण्यास तयार होत्या. शिकणे दोन-चार महिने चालते, हेही त्यात आहे. माझा अनुभव याहून वेगळा नाही.

पण कपाने मला जे दिले ते सोयीहून मोठे होते. त्याच वर्षी मला फार थकवा येऊ लागला. रक्त कमी झाले होते. एका डॉक्टरांनी पाच मिनिटांत सांगितले की, रक्तस्राव फार होतो आहे, वयही झाले आहे, पिशवी काढून टाका. पूर्वीची मी असते तर मान डोलावून उठले असते. कारण कापडावर किंवा पॅडवर ‘फार’ म्हणजे किती हे कोणास सांगता येते? कपावर मात्र मापाच्या रेघा असतात. मी दोन महिने मोजून वहीत लिहिले. सर्व दिवसांची बेरीज साठ मिलिलिटरच्या आत-बाहेर भरली. दुसऱ्या डॉक्टरीणबाईंस ती वही दाखविली. त्या म्हणाल्या, वैद्यकात ऐंशीच्या वर गेले तर अतिस्राव समजतात. तपासण्या करू, लोह सुरू करू, मग पाहू. तपासण्यांत वावगे निघाले नाही, चार महिन्यांत रक्त भरून आले, आणि एक्कावन्नाव्या वर्षी पाळी आपल्या पायाने निघून गेली. पिशवी शाबूत आहे.

ही गोष्ट स्वतःची म्हणून सांगितली नाही. कवठ्याच्या शिवारात दरवर्षी दिवाळीनंतर ऊसतोडीच्या टोळ्या येतात आणि उसाच्या फडाजवळ कोप्या घालून राहतात. पुष्कळ माणसे बीडकडची. नवरा-बायको मिळून एक ‘कोयता’. मुकादमाकडून घेतलेली उचल अंगावर. एक दिवस खाडा पडला तर दंड. कोपीस न्हाणी नाही, पाणी कालव्याचे, आडोसा उसाचा, आणि ऊस तर रोज तोडून कमी होत जाणारा. २०१९ साली विधान परिषदेच्या उपसभापती डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली शासनाने समिती नेमली. बीड जिल्ह्यात ८२,३०९ ऊसतोड स्त्रियांची पाहणी झाली, तेव्हा त्यांतील १३,८६१ जणींची गर्भाशयाची पिशवी काढलेली आढळली. दर सहा जणींत एक. पाळीच्या त्रासासाठी, अंगावरून जाते म्हणून, खाडा नको म्हणून. मला ज्या डॉक्टरांनी पाच मिनिटांत निदान सांगितले, तसेच निदान त्यांनाही मिळाले असेल. फरक एवढाच की, माझ्याजवळ वही होती, दुसऱ्या डॉक्टरांची फी होती, आणि प्रश्न विचारण्याचे शिक्षण होते.

म्हणून प्रत्येक बाईस एक कप दिला की झाले, असे कोणी म्हणेल. केरळात तसे प्रयत्न झाले आहेत. एर्नाकुलम जिल्ह्यातील कुंबलंगी हे गाव, गावकरणींस कप देऊन व वापर शिकवून, २०२२ च्या जानेवारीत पॅडमुक्त गाव म्हणून जाहीर झाले. मीही उत्साहाच्या भरात दोन वर्षांपूर्वी कवठ्यास माझ्या पुतणीला एक कप नेऊन दिला. ती महाविद्यालयात जाते, हुशार आहे, भीडमुर्वत न ठेवता बोलते. सहा महिन्यांनी विचारले तर तो डबीत तसाच! मी मनात भिती, संकोच, जुन्या समजुती असे व्याख्यान जुळवू लागले, तोच ती म्हणाली,

“आत्या, मला भीती नाही वाटत. पण तो उकळायचा कशात?”

या प्रश्नाने माझे सगळे वाचन जमीनदोस्त झाले. माझ्या पुण्याच्या घरी स्वयंपाकघर माझे, पातेली माझी. मला हा प्रश्न पडलाच नव्हता. तिच्या घरी एकच गॅस, त्यावर घरादाराचे दूध तापते. न्हाणीघराच्या दारास आतून कडी नाही. कोणी येतो आहे असे वाटले की खाकरावयाचे, ही घरातली कडी. माझ्या वहिनीशी बोलले. ती म्हणाली, “वन्सं, वापरू दे की तिला. पण माझ्या दुधाच्या पातेल्यात नको हं.” यात मला हसू आले, पण ती चुकली नव्हती. तिने विरोध केला नव्हता. व्यवस्था विचारली होती. माझ्या आजीपासून पुतणीपर्यंत चार पिढ्यांत साधन दोनदा बदलले. त्यासाठी लागणारी एक कडी, एक भांडे आणि दोरीवरची उन्हातली जागा, ही मात्र घरात कोणी मागितली नाही आणि कोणी दिलीही नाही.

माझ्या मते या सर्व इतिहासाचे तात्पर्य हेच आहे. कापड वाईट नव्हते, त्यास ऊन नव्हते. पॅड वाईट नव्हते, त्यास टाकण्याची जागा नव्हती. १९३७ चा कप वाईट नव्हता, त्याच्याविषयी बोलण्याची सोय नव्हती. कोणते साधन श्रेष्ठ, हा वाद मुलींनी आपल्या सोयीने सोडवावा. जिला कापड रुचते तिने ते धुवून खुशाल अंगणात वाळवावे. घरातील मोठ्यांचे काम निराळे आहे. दाराला कडी आहे काय, पाणी आत आहे काय, हे त्यांनी पाहावे. आणि ज्यांच्या शेतात ऊसतोडीच्या टोळ्या उतरतात, त्या बागायतदारांनी कोपीशेजारी चार पत्र्यांचे न्हाणीघर आणि एक पाण्याची टाकी द्यावी. ती उसाच्या एका खेपेहून महाग नाही. हे मी आमच्या भावालाही सांगितले, कारण आमच्याही शेतात आता ऊस आहे.

गेल्या दिवाळीस मी कवठ्यास गेले होते. न्हाणीघराच्या दारास आतून पितळी कडी बसलेली दिसली. भावाने कोणास काही न सांगता बसविली होती. आत खिळ्याला एक लहान, पोचे आलेले ॲल्युमिनियमचे पातेले टांगलेले होते. वहिनी म्हणाली, “ते तिचं हं, वन्सं. त्याला कोणी हात लावायचा नाही.” शेतातल्या कोप्यांपाशी पत्रे मात्र अद्याप आलेले नव्हते. भाऊ म्हणाला, या हंगामात बघू. मी ते वहीत तारखेनिशी टिपून ठेवले आहे.